शेणाचं घर, मेणाचं घर

एक होती चिऊ, एक होता काऊ. चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं. एकदा काय झालं, मोठा पाऊस आला.

मोजले तर हे अठरा शब्द होतात. झाड कुठलं, गाव कुठलं, महिना कोणता, यातलं काही सांगितलेलं नाही. तरी ऐकणारं चार वर्षांचं पोर पुढच्या वाक्याआधीच श्वास धरतं. काऊचं घर आता राहत नाही, हे त्याला कळलेलं असतं. त्याला ते कुणी समजावून दिलं नाही. अंगणातलं सारवण मृगाच्या पहिल्या सरीत कसं धुऊन जातं, शेणाचं पिवळट पाणी उंबऱ्यापासून रस्त्याकडं कसं ओघळतं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. सांगणाऱ्यानं दोनच वस्तू निवडल्या, शेण आणि मेण, आणि वरून पाऊस सोडला. बाकीचं जग पोरानं आपल्या अंगणातून आणलं.

ही गोष्ट जुनी आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात ती सापडते. तिथं चिमणीच्या जागी साळई, म्हणजे साळुंकी, आहे. सातशे वर्षांत पक्षी बदलला, भाषा बदलली, सांगणारी किती तोंडं बदलली असतील. शेण आणि मेण तेवढं कुणी बदललं नाही. गोष्टीचं जग कशावर उभं राहतं हे समजून घ्यायला या टिकून राहिलेल्या दोन वस्तूंपासून सुरुवात करावी असं मला वाटतं.

या गोष्टीत पक्षी बोलतात. चिऊ बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते, निजवते, आणि तोवर दाराबाहेर काऊ भिजत उभा असतो. पक्ष्यांच्या जगात यातलं काहीच घडत नाही. पण पाऊस खऱ्या पावसासारखा पडतो, शेण खऱ्या शेणासारखं विरतं आणि मेणावरून पाणी निथळून जातं. कथनाच्या अभ्यासक मारी-लोर रायन यांनी १९८० मध्ये या व्यवहाराला नाव दिलं. मराठीत त्याला 'किमान फारकत' म्हणता येईल. गोष्ट जिथं स्पष्ट सांगते की इथं वेगळं आहे, तेवढंच वेगळं धरायचं. जिथं ती गप्प बसते, तिथं ऐकणारा आपल्याच जगाचे नियम लावतो. चुलीला धूर येतो, भूक लागते, ओलं माणूस काकडतं. हे लिहावं लागत नाही.

म्हणून लिहायला बसताना पहिलं ठरवायचं ते फारकतीचं ठिकाण. माझ्या गोष्टीत आपल्या जगापेक्षा नेमकं काय वेगळं आहे? एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. पक्षी माणसांसारखा संसार करतात, एवढंच. मग त्या फारकतीची किंमत चुकती करायची. समजा चिऊनं मंत्र म्हटला आणि तिचं घर कोरडं राहिलं. वाचायला गोड वाटेल, पण त्या क्षणी पावसाची भीती संपते. मंत्र एका घराला वाचवू शकतो तर दुसऱ्याला का नाही? तिथून पुढं प्रत्येक अडचणीला ऐकणारा विचारणार, मंत्र का नाही म्हणत? लेखकाला त्याचं उत्तर देत बसावं लागतं आणि गोष्ट तिथंच रुतते. कल्पनेच्या गोष्टी बहुतेक याच जागी फसतात. दुसरी फारकत गरज म्हणून येते, सोय म्हणून राहते, आणि पहिलीचं तेज घालवते.

श्रावणातली खुलभर दुधाची कहाणी या बाबतीत फार शहाणी आहे. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा आहे. साऱ्या नगराचं दूध ओतलं तरी तो भरत नाही. एक म्हातारी घरची मुलंबाळं जेवू घालते, वासरं पाजते, आणि उरलेलं खुलाभर दूध घेऊन देवळात येते. गाभारा भरतो. चमत्कार एकच, आणि तोही शेवटी. त्याच्या आधी जे काही आहे ते घरगुती: भूक, वासरू, सुना, नातवंडं. आणि दुधाला माप आहे. 'थोडंसं दूध' म्हटलं असतं तर ही कहाणी आजवर टिकली नसती. खुला, म्हणजे लहानसं भांडं, हातात मावतो, तो किती असतो हे बाईला ठाऊक असतं, आणि गाभारा केवढा असतो हेही ठाऊक असतं. त्या दोन मापांमधल्या अंतरातच ती कहाणी राहते.

माप हे जग उभं करण्याचं फार स्वस्त साधन आहे, आणि लेखक ते सर्वात कमी वापरतात. तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम लिहायचा आहे? 'ती दिवसभर पानं तोडायची' यानं डोळ्यांसमोर काही येत नाही. महाराष्ट्रात तेंदूचा पुडा सत्तर पानांचा असतो. 'बासष्ट पानं झाली, आणि उजेड गेला' असं लिहिलं की फडीवरची, म्हणजे पानं जमा करायच्या जागेवरची, बाई, तिची घाई, हिशेब ठेवणारा माणूस आणि उद्याचा दिवस, सगळे एकदम हजर होतात. सत्तर हा आकडा मात्र आधी कधीतरी सहज येऊन गेलेला हवा. ऐन वेळी सांगितला तर ती माहिती होते.

कहाणीतलं 'आटपाट नगर' हा एक करार आहे. हे शब्द ऐकले की कुणी तालुका विचारत नाही. राजाचं नाव नाही, सन नाही, नदी कुठली ते नाही. पण 'वरूडच्या शिवारात' असं लिहिलं की करार बदलला. वरूड हा संत्र्यांचा मुलूख, म्हणून आता संत्र्याचा बहार सांभाळावा लागतो. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत लागतात आणि फळ दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येतं. मृग बहाराची फुलं पावसाच्या सुरुवातीला आणि फळ उन्हाळ्याच्या तोंडाशी. दिवाळीत संत्र्याच्या फुलांचा वास सुटला असं कुणी लिहिलं, की बागेत वाढलेला वाचक त्या पानावर थांबतो. तो भांडत नाही, पत्र लिहीत नाही. पण पुढची खरी वाक्यंही तो आता अर्ध्याच विश्वासानं वाचतो. आटपाट नगर घ्या किंवा वरूड घ्या. दोन्हीच्या मधलं, नाव खरं पण झाडंपेरं कुठलीही, असलं गाव उभं राहत नाही.

खऱ्या नावांचा उपयोग कसा करावा हे रामटेकच्या टेकडीवर उभं राहून चांगलं दिसतं. मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक, असं वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. त्या काव्याचा पहिलाच शब्द 'कश्चित्' आहे. कुणी एक. ढगाकरवी निरोप पाठवणाऱ्या यक्षाला नाव नाही. आपल्या 'एक होता राजा'चीच ही संस्कृतातली बहीण. नाव काढून घेतल्यावर कालिदास एवढा बारीक रस्ता सांगतो की ढगाला चुकायची सोय राहत नाही: रेवा म्हणजे नर्मदा नदी, विदिशा, मग उज्जयिनी, पुढं कुरुक्षेत्र, कनखल, कैलास. त्यातही उज्जयिनी वाकड्या वाटेवर आहे. वळसा पडेल तरी जा, असं यक्ष ढगाला सांगतो. हा वळसा मला फार मोलाचा वाटतो. नुसत्या कल्पनेनं आखलेला रस्ता सरळ जातो. ज्याला वाट माहीत असते तोच म्हणतो, थोडा फेर पडेल पण तिकडून जा.

शंभराहून थोडे अधिक श्लोक, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास या पाहता येणाऱ्या वाटेवर खर्च झालेले. यक्षाची अलकानगरी येते ती त्यानंतर. तिथल्या अशक्य गोष्टींवर आपण विश्वास ठेवतो, कारण इथवरच्या नद्या बरोबर होत्या. ओळखीचं आधी, अनोळखी नंतर, हा क्रम उलटला तर काय होतं ते अलकेपासून सुरुवात करून मनात वाचून पाहावं. सुंदर वर्णन राहतं. ढग मात्र कुठंच जात नाही.

संस्कृत कवी राजशेखरानं आणखी धीट काम केलं. काव्यमीमांसा या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात त्यानं काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांना माणसांसारखं हिंडवलं आणि त्यांचं लग्न विदर्भातल्या वत्सगुल्माला, म्हणजे आजच्या वाशीमला लावलं. दोन कल्पना, ज्यांना अंग नाही, सावली नाही, त्या एका खऱ्या गावात येऊन उभ्या राहिल्या आणि खऱ्या झाल्या.

पण वस्तू, मापं, जागा हा झाला माल. तो मांडायला हात लागतात, आणि मराठीचे हात तिच्या क्रियापदांत आहेत. इथं थोडं थांबायला हवं, कारण कथनाबद्दलची बहुतेक पुस्तकं इतर भाषांवर बेतलेली आहेत आणि आपल्या भाषेतली ही सोय त्यांच्या नजरेत येत नाही.

जेरार जेनेत या फ्रेंच अभ्यासकानं १९७२ मध्ये कथनातल्या काळाची तीन अंगं वेगळी काढली: क्रम, अवधी आणि वारंवारता. वारंवारता म्हणजे जे पुष्कळदा घडतं ते एकदाच सांगणं, किंवा जे एकदा घडलं ते एकदा सांगणं. मराठीत हा फरक क्रियापदाच्या शेपटीत बसलेला आहे. 'ती पहाटे उठायची, सडा टाकायची, पऱ्हाटीच्या वावरात जायची.' या '-यची'नं जग उभं राहतं. त्यात अजून काहीच घडलेलं नाही, फक्त तिथली रीत कळली. मग 'त्या पहाटे ती उठली नाही.' गोष्ट सुरू झाली. रीत आधी माहीत झाल्याशिवाय ती मोडल्याचं कळत नाही. आणि नुसती रीतच सांगत बसलं तर चार पानं होऊनही काही घडत नाही. खेड्यावरच्या लेखनात हा दोष मायंदाळ. आजी असं करायची, आजोबा तसं म्हणायचे. वाचणारा वाट पाहतो, पण 'त्या दिवशी' येतच नाही. माझ्या अंदाजानं छोट्या गोष्टीत '-यचं' वाल्या तीन-चार वाक्यांवर गेलं की ओझं होतं.

दुसरं, 'आला' आणि 'गेला'. 'पाटील वाड्यात आला' म्हटलं की सांगणारा वाड्यात आहे. 'पाटील वाड्यात गेला' म्हटलं की तो बाहेर, रस्त्यावर. कॅमेरा कुठं ठेवायचा हे एका क्रियापदानं ठरतं, आणि ते ठरवलेलं नसलं की एकाच परिच्छेदात सांगणारा भिंतीतून आरपार ये-जा करतो. वाचताना काहीतरी खटकतं पण काय ते सापडत नाही, अशा वेळी बहुधा हेच असतं. लिहून झाल्यावर फक्त 'आला-गेला-आणलं-नेलं' एवढ्या शब्दांखाली रेघा माराव्यात. अर्ध्या तासाचं काम आहे.

तिसरं 'म्हणे'. 'त्या विहिरीत म्हणे सोन्याची घागर होती.' या एका शब्दानं सांगणारा बाजूला होतो आणि त्याच्या मागं सारं गाव येऊन उभं राहतं. घागर होती की नव्हती याची जबाबदारी आता कुणा एकाची नाही. भुताखेताची गोष्ट विश्वास न ठेवणाऱ्या माणसालाही ऐकावीशी वाटते ती याच शब्दाच्या जोरावर. फक्त तो घागरीजवळ वापरावा, विहिरीजवळ नाही. 'तिथं म्हणे एक विहीर होती' असं केलं तर पायाखालची जमीनच गेली.

आता हे सगळं एकत्र बांधून पाहू. विषय असा धरू: एका घरातला बैल पावसाळ्यात मेला, जोडी फुटली, आणि पोळा आला. सहज सुचेल ते असं असतं: 'विदर्भातल्या एका खेड्यात एक गरीब शेतकरी कुटुंब राहत होतं. त्यांचा बैल वारला होता. पोळ्याच्या दिवशी घरावर दुःखाची छाया पसरली होती.' यात चुकीचं काही नाही, पण दिसतंही काही नाही. खेडं कुठलंही, बैल कुठलाही, आणि दुःख लेखकानं आधीच पसरून ठेवलेलं, वाचणाऱ्याला करायला काम उरलेलं नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडं खांदेमळणी असते. जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी किंवा तूप चोळतात, आणि बैलांना जेवणाचं आवतण देतात: 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.' बैल हा पाहुणा आहे, त्याला आदल्या दिवशी रीतसर बोलवायचं असतं. या एका वाक्यात एक अख्खं जग आहे, कुणी न रचलेलं. मग तेच घेऊ.

'दर पोळ्याला ती दोन वाट्यांत हळद-लोणी कालवायची. एक ढवळ्याची, एक पवळ्याची. खांदे चोळून झाले की म्हणायची, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. त्या सांजेला तिनं सवयीनं दोन वाट्या काढल्या. एक भरली. दुसरी पुसून फळीवर ठेवली. गोठ्यात आली, खांदा चोळला आणि म्हणाली, आज आवतण घे, उद्या जेवाले ये.'

मरण हा शब्द इथं नाही. गरीब नाही, दुःख नाही, विदर्भही नाही. पहिल्या तीन वाक्यांनी रीत घातली, आणि ती फक्त त्यासाठीच आहेत की 'घ्या'चं 'घे' झालेलं ऐकू यावं. ती वाक्यं काढून टाकली तर खांदेमळणी न पाहिलेल्या वाचकाला शेवटच्या ओळीत काही जाणवणार नाही. वाट्या दोन काढल्या, एक भरली: इथं आकडा काम करतो. 'गोठ्यात आली' म्हटल्यानं सांगणारा उरलेल्या बैलापाशी उभा आहे, आणि ती त्याच्याकडं येते. 'गेली' लिहून पाहा, ती आपल्यापासून दूर जाते आणि शेवटचं बोलणं लांबून ऐकू येतं. तेही चालेल, पण तो वेगळा परिच्छेद होईल, जास्त थंड. आणि शेवटी 'तिचा कंठ दाटून आला' हे वाक्य कितीही हाताशी आलं तरी लिहू नये. वाचणाऱ्यानं 'घ्या' आणि 'घे'मधलं अंतर स्वतः चालून पार केलेलं असतं. त्याला परत उचलून आणून तेच दाखवलं तर त्याचं चालणं वाया जातं.

या परिच्छेदात एक गोष्ट चुकणं फार सोपं होतं: अंगणात चांदणं पाडणं. पोळा श्रावणाच्या अमावस्येला असतो. त्या रात्री चंद्र नाही, आणि आदल्या पहाटे असला तर पूर्वेला कोर. कोजागिरीचं दूध चांदण्यात आटवा, पोळ्याला मात्र कंदील लागतो.

असल्या गोष्टी डोक्यात राहत नाहीत, म्हणून वही हवी. वावराचा धुरा जसा पीक देत नाही पण वावर कुठं संपतं ते सांगतो, तशी ही वही. तिच्यातलं बहुतेक गोष्टीत येणारच नसतं. चंद्राचा हिशेब असा: पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पुढं रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा, आणि वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास. रात्री पीक राखणारा, जागलीवरचा माणूस वद्य दशमीला रात्री नऊ वाजता डुकरांचा कळप चांदण्यात पाहू शकत नाही. भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, तासाला तीन-चार किलोमीटर जाते. वीस किलोमीटरवरच्या बाजारात सकाळी माल पोचवायचा तर अर्ध्या रात्री बैल जुंपावे लागतात, आणि मग त्या रात्रीची भाकर, कांबळं, वाटेतला नाला हे सगळं आपोआप गोष्टीत येतं. हिशेब घातला की प्रसंग हाताला लागतात, हा अनुभव लिहिणाऱ्या कुणालाही येईल.

पिकांची वही तर हवीच. पोळ्याला पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पात्या-फुलांवर असते. फूल पहिल्या दिवशी फिकट, दुसऱ्या दिवशी गुलाबी. वावर पांढरं दिसतं ते दसरा-दिवाळीकडं. पहिल्या वेच्याआधी, म्हणजे कापूस वेचायला सुरुवात करण्याआधी, वावरात सीतादहीची पूजा करतात. तूर फुलते तेव्हा थंडी पडलेली असते. पळस फाल्गुनात पेटतो. मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात आणि सकाळीच वेचली जातात, म्हणून मोहाच्या दिवसांत झाडाखाली अंधारातच माणसं असतात. दुपारी मोह वेचायला पाठवलेली नायिका रिकाम्या टोपलीनं परत येईल.

सनाचीही तीच गत. एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारनंच विकत घ्यायची योजना, १९७२ ची. त्याआधीच्या गोष्टीत शेतकरी व्यापाऱ्याच्या दारात उभा असेल. बीटी कपाशीच्या बियाण्याला आपल्याकडं परवानगी २००२ मध्ये मिळाली. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला ही छोटी रेल्वेगाडी एप्रिल १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर होती, मग डिझेल आलं. १९९० च्या गोष्टीत लांबून धूर दिसला पाहिजे, १९९८ मध्ये नाही. या गाडीच्या शिट्टीवर वेळ ओळखणारी गावं होती. धूर चुकला की त्या गावांचं घड्याळच चुकतं.

आणि बोली. डोळा पश्चिम विदर्भातल्या वऱ्हाडीत डोया होतो, पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीत डोरा. काळा वऱ्हाडीत काया, झाडीबोलीत कारा. एका अक्षरावरून माणूस कोणत्या बाजूचा ते कळतं, म्हणून एकाच घरातल्या भावांपैकी एकाला डोया आणि दुसऱ्याला डोरा म्हणायला लावलं तर घर दुभंगतं. प्रमाणाबद्दल माझं मत असं की संवादात सर्वनामं आणि क्रियापदं बोलीतली असली की पुरे: मले, तुले, काऊन, जाऊन रायला. प्रत्येक शब्द वाकवला तर वाचणारा उच्चार लावत बसतो आणि माणूस हरवतो. निवेदन प्रमाण भाषेत ठेवायचं की बोलीत, हे पहिल्या पानावर ठरवावं आणि मग मोडू नये. बोली फक्त गरिबांच्या आणि गड्यांच्या तोंडी घालण्याची जी सवय लागली आहे, ती तर टाकूनच द्यावी. वाड्यातला पाटीलही 'मले' म्हणतो.

खडी गंमत हे विदर्भातलं लोकनाट्य पाहिलेल्यांना हे सगळं वेगळ्या बाजूनं कळलेलं असतं. मंच नाही, पडदा नाही. ढोलकी, चोणकं, टाळ ही वाद्यं, आणि चहूकडं उभी-बसलेली माणसं. नटानं एक फेरा मारला की तो दुसऱ्या गावी पोचला. कुणी हरकत घेत नाही. भाऊबीजेनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, हंगामात झाडीपट्टीत, पूर्व विदर्भात, रात्री दहाच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारी नाटकं होतात, वडसा हे त्यांचं मोठं ठाणं. २०२३ मध्ये पद्मश्री मिळालेले परशुराम खुणे याच रंगभूमीचे. तिथं रंगवलेल्या पडद्यावरचा राजवाडा वाऱ्यानं हलतो, तरी वाडा पडत नाही. पण पहिल्या अंकात धाकटा असलेला भाऊ तिसऱ्या अंकात थोरला झाला, की शेवटच्या रांगेतूनही आवाज येतो. हलणारा वाडा करारात होता. नातं बदलणं करारात नव्हतं.

इंग्रज कवी कोलरिज यानं १८१७ मध्ये याला अविश्वास आपखुशीनं बाजूला ठेवणं म्हटलं. इंग्रज लेखक टोल्कीननं १९३९ च्या एका व्याख्यानात त्याला हरकत घेतली: जग नीट उभं राहिलं तर अविश्वास बाजूला ठेवावाच लागत नाही, माणूस आत गेलेला असतो, अविश्वास आठवला याचा अर्थ जादू तुटली. मला टोल्कीनचं पटतं. पहाटे चारला कांबळं पांघरून बसलेला माणूस काही बाजूला ठेवून बसलेला नसतो.

तो आत आहे की नाही हे सांगणाऱ्याला कसं कळायचं? त्यासाठी हुंकार होता. रात्री गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला 'हूं' म्हणायचं, हा नियम. हुंकार वेळेवर आला तर पुढं जायचं. उशिरा आला तर झोप आली किंवा वाट चुकली. दोन्ही वेळा सांगणारा मागं येतो, एखादी वस्तू पुन्हा हातात देतो, 'ते मेणाचं घर होतं ना', आणि परत निघतो. लग्गेच आला, वाक्य संपायच्या आतच, तर गोष्ट ओळखीची झाली, आता वळण हवं. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो असं सांगून पोरांना गप्प करायचे. दिवसा वावराची कामं असत हे कारण तर खरंच, पण उजेडात हुंकाराकडं कान राहत नाही हेही असावं.

कागदावर हुंकार नाही, म्हणून तो मागून घ्यावा लागतो. लिहिलेलं रात्री एकाला मोठ्यानं वाचून दाखवावं. एकालाच, चारजण असले की ते एकमेकांकडं पाहून हुंकारतात. त्याला मत विचारू नये. हातात पेन्सिल ठेवावी, आणि 'हूं' जिथं उशिरा आला तिथं समासात बारीक टिंब मारावं. दुसऱ्या दिवशी त्या टिंबाच्या आधीची तीन वाक्यं पाहावीत, टिंबाजवळचं नाही. दोष बहुधा तिथं असतो: आलाचं गेला झालेलं, रीत घालायची राहून गेलेली, माप नसलेली वस्तू, नाही तर लेखकानं स्वतःच व्यक्त करून टाकलेलं दुःख.

पोर मात्र टिंब मारायची वाट पाहत नाही. चिऊनं दार उघडलं, काऊ आत आला, कुणाच्या घरी तो चुलीपाशी शेकतो, कुणाच्या घरी तव्यावर बसून भाजतो, आणि सांगणारी दिवा बारीक करते. तेव्हा कांबळ्यातून प्रश्न येतो, 'मंग काऊनं नवं घर कायचं बांधलं?' याचं उत्तर सांगणाऱ्याला ठाऊक असायला हवं. ते वहीत लिहून ठेवावं, आणि पोराला विचारावं, 'तुले काय वाटते?'